अवजलाच्या काठी चार दिवस

चिपळूणच्या माणसाला 'अवजल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री उतरून पोफळीला येतं, तिथे जनित्रं फिरवतं, कोळकेवाडीला पुन्हा एकदा वीज करतं आणि कालव्याने वाशिष्ठीला येऊन मिळतं. वीज करून उरलेलं पाणी ते अवजल. मे महिन्यात कोकणातल्या इतर नद्यांचे दगड उघडे पडतात, तेव्हा वाशिष्ठी वाहती असते ती त्याच्या जिवावर.

माझे बाबा पोफळीच्या वीजगृहात एकतीस वर्षं होते. आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलो. रविवारी बाबा बांबूची काठी, गरी आणि गांडुळांचा डबा घेऊन नदीवर गरवायला जायचे. कधी मरळ मिळायची, कधी वाम, बहुतेक वेळा काहीच नाही. यंदा ते तीन महिने आमच्याकडे सॉल्ट लेक सिटीला आले होते. मी इथे आल्यापासून फ्लाय फिशिंग, म्हणजे दोऱ्याने बांधलेल्या खोट्या माशीने मासे पकडणं, शिकलोय. यूटाच्या ईशान्य कोपऱ्यात फ्लेमिंग गॉर्ज धरणाखाली ग्रीन नदी आहे. इंग्रजीत अशा नदीला टेलवॉटर म्हणतात. मी बाबांना म्हटलं, "तिथे अवजलात ट्राउट राहतात. याल?" बाबांनी आधी विचारलं, "जनित्रं किती आहेत?"

पहिला दिवस: कॉलनी

मेचा पहिला आठवडा. घरच्यांना शाळा आणि नोकरी, म्हणून आम्ही दोघंच निघालो. आय-८० महामार्गाने पूर्वेला वायोमिंगमध्ये, माउंटन व्ह्यूवरून दक्षिणेला वळून पुन्हा यूटात मनिला आणि पुढे डच जॉन, असे साधारण चार तास लागतात. मनिलाच्या आसपास जलाशय दिसायला लागतो. लाल-केशरी कड्यांच्या मधोमध निळं पाणी. १८६९ मध्ये शोधप्रवासी जॉन वेस्ली पॉवेल होड्या घेऊन इथून गेला, तेव्हा उन्हात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या या कड्यांवरून त्याने फ्लेमिंग गॉर्ज हे नाव दिलं.

बाबांनी गाडी थांबवायला लावली. बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "इथे कुणाची गावं गेली?" मला एकच ठाऊक होतं, लिनवुड. मनिलाच्या जवळचं छोटं गाव, ते या पाण्याखाली आहे. बाबांनी मान हलवली. कोयनेच्या पाण्यात घर गेलेल्या माणसांबरोबर त्यांनी नोकरी केली आहे, त्यामुळे कुठलंही धरण बघितलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

डच जॉनला पोचलो आणि बाबा एकदम खूश झाले. सरळ आखलेल्या गल्ल्या, सारख्या उंचीची बसकी घरं, मध्ये मोकळी जागा. "अरे, ही तर कॉलनी!" खरंच आहे. १९५७-५८ च्या सुमारास धरणाच्या कामगारांसाठीच सरकारने हे गाव वसवलं. कितीतरी वर्षं ते सरकारी वसाहतच होतं, स्वतंत्र गाव म्हणून नोंद झाली ती थेट २०१६ मध्ये. बाबा संध्याकाळी दोन गल्ल्या फिरून आले आणि साहेबांची घरं कुठली असतील, ऑपरेटरांची कुठली, हे मला सांगत बसले.

बाहेर कडाक्याचा गारठा होता. गाव सहा हजार फुटांच्या वर आहे, सूर्य गेला की मेमध्येही बोटं आखडतात. केबिनमध्ये गॅस होता. बाबांनी चिपळूणहून आणलेलं कुळथाचं पीठ काढलं, मी लसूण ठेचली. गरम भात, कुळथाचं पिठलं, वर तूप आणि आंबोशीचं लोणचं. त्या थंडीत याहून चांगलं जेवण मला सुचत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं इथेच सांगतो. यूटाचा मासेमारीचा परवाना राज्याच्या वन्यजीव विभागाकडून ऑनलाइन मिळतो, तो आधीच काढा, फोनवर उतरवून ठेवा. डच जॉनला दुकान, पेट्रोल, केबिन हे सगळं आहे, पण थोडंच. किराणा मोठ्या गावातून भरूनच न्या. दरीत उतरलात की फोन लागत नाही.

दुसरा दिवस: क्युसेक

सकाळी धरण. हंगामात आतून फिरवून दाखवतात, जाण्याआधी वेळा विचारून घ्या. कमानीसारखं वळलेलं काँक्रीटचं धरण, उंची ५०२ फूट, म्हणजे १५३ मीटर. कोयनेचं १०३ मीटर. तरी इथली तीन जनित्रं मिळून सुमारे १५० मेगावॉट आणि कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६०. असं कसं, हे माझ्या डोक्यात येईपर्यंत बाबांनी सांगून टाकलं: कोयनेचं पाणी पोफळीला पडतं ते साडेचारशे मीटरांहून जास्त उंचीवरून, इथे पाणी फक्त धरणाच्या उंचीएवढंच पडतं. वाटाड्या मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने स्वतःहून एक गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावरून कळ दाबून इथलं पहिलं जनित्र सुरू केलं होतं.

बाबांना खरं पकडून ठेवलं ते धरणाच्या वरच्या अंगाला बसवलेल्या दारांनी. सुरुवातीची वर्षं जनित्रांना पाणी जायचं ते जलाशयाच्या खोलातून. पाणी सगळ्यात जड होतं चार अंशांना, म्हणून तळाला चार अंशांचंच पाणी साचून राहतं, उन्हाळा असो की हिवाळा. ट्राउटला थंड पाणी लागतं हे खरं, पण बारा महिने इतक्या गारठ्यात तो वाढत नाही. म्हणून १९७८ मध्ये अशी सोय केली की पाणी कुठल्या खोलीवरून घ्यायचं ते ठरवता येतं. आता उन्हाळ्यात वरच्या थरातलं पाणी घेतात आणि खालची नदी तेरा अंशांच्या आसपास जाते. "म्हणजे माशांसाठी तापमान सेट करतात," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता.

वरून खाली बघितलं तर पाणी हिरव्या काचेसारखं. गाळ सगळा जलाशयातच बसतो. धरणाच्या माथ्यावरून, एवढ्या उंचीवरूनही, तळाच्या दगडांवर मासे दिसत होते, शेपट्या हलवत एकाच जागी उभे.

दुपारी धरणाखालच्या धक्क्यावरून पायवाटेने निघालो. ही वाट नदीला धरून सात मैल लिट्ल होलपर्यंत जाते. होडी आणि गाइडचा खर्च न करता या नदीवर मासेमारी करायची तर ही वाट. आम्ही अर्धा मैल चाललो. बाबांनी खिशातून थर्मामीटर आणि छोटी डायरी काढली. वीजगृहात दर तासाला लॉगशीट भरायची सवय अजून सुटलेली नाही. पाण्यात थर्मामीटर धरून उभे राहिले, मग लिहिलं: दु. १.२०, ५.५ अंश, स्वच्छ.

साडेपाच अंशांच्या पाण्यात उतरायचं म्हणजे आतून लोकरीचे दोन मोजे, जाड गरम विजार आणि वर छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी विजार. कमरेचा पट्टा आवळून बांधा. पाय घसरला तर वेडर्समध्ये पाणी भरतं आणि अशा गारठ्यात श्वासच अडकतो. दगड शेवाळाने बुळबुळीत असतात, हातात काठी ठेवा. पोलराइज्ड गॉगल हवाच, त्याशिवाय मासा दिसत नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: वसंतात रेनबो ट्राउट अंडी घालतात. उथळ खडीत परातीएवढे उजळ, झाडून काढल्यासारखे पट्टे दिसतात, त्यात अंडी असतात. त्यावर पाय देऊ नका आणि तिथे उभ्या असलेल्या माशाला गळ टाकू नका.

मी निम्फ लावून बसलो. निम्फ म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखा बांधलेला बारीक गळ. वर एक तरंगतं बूच, खाली दोन गळ. तासभर काही नाही. बाबा काठावर दगडावर बसून बघत होते. मधेच म्हणाले, "अरे, पिशवी वर घे. पाणी येतंय." मला काही दिसत नव्हतं. "दगडाची ओली रेघ बघ," म्हणाले. मी हो म्हटलं आणि पुन्हा बुचाकडे बघायला लागलो. दहा मिनिटांनी मागे वळलो तर पाणी वीतभर चढलं होतं आणि आमची पुऱ्यांची पिशवी पंचवीस फूट पुढे तरंगत चालली होती. हाती लागली नाही. विजेची मागणी वाढली की जनित्रांतून जास्त पाणी सोडतात आणि नदी चढते. इथलं पाणी कमीत कमी ८०० क्युसेक असतं आणि तिन्ही जनित्रं पूर्ण चालली तर ४,६०० च्या आसपास जातं. किती सोडणार ते ब्युरो ऑफ रिक्लमेशन, म्हणजे धरण चालवणारं सरकारी खातं, आधी जाहीर करतं. मी तो आकडा सकाळी वाचला होता. बाबांनी तो नुसत्या ओल्या रेघेवरून ओळखला.

चारच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि माश्या निघाल्या. ब्लू विंग्ड ऑलिव्ह म्हणतात त्यांना, एप्रिल-मेतली इथली मुख्य माशी. ढगाळ हवेत जास्त निघते. एक बाबांच्या बाहीवर येऊन बसली. मी जवळ जाऊन बघितली. तांदळाच्या कणीपेक्षा जराशी मोठी. अंग शेवाळी, मागे दोन केसासारख्या शेपट्या आणि धुरकट राखाडी पंख पाठीवर सरळ उभे, शिड उभारलेल्या गलबतासारखे. कित्येक महिने ती पाण्याखाली दगडांत वाढते आणि पंख फुटल्यावर जगते ते फार तर एक-दोन दिवस. बाबांनी श्वास रोखून धरला होता. ती उडाली तेव्हा म्हणाले, "आणि तू ही दोऱ्याने बांधतोस?"

मासे माश्या टिपायला वर येऊ लागले आणि नदीवर सगळीकडे गोल उठायला लागले. मी वीस नंबरची, म्हणजे अगदी बारीक, सुकी माशी लावली. सुकी म्हणजे पाण्यावर तरंगणारी. पाण्याच्या ओघाने दोरी ओढली गेली की माशी फरफटते आणि मासा तोंड फिरवतो, म्हणून टाकल्याबरोबर दोरी वरच्या अंगाला उचलून टाकायची. सात-आठ वेळा चुकलं. मग एक नाक हळूच वर आलं, माशी दिसेनाशी झाली आणि काठी वाकली. चौदा इंची ब्राउन ट्राउट. लोण्याच्या रंगाचं पोट, काळे ठिपके आणि मधूनमधून फिकट कडा असलेले लाल ठिपके. हात ओले करून धरला, पाण्यातच गळ काढला. बाबा वाकून बघत होते. मी सोडला तसे ते म्हणाले, "सोडायचा होता तर पकडलास कशाला?"

याचं चांगलं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही पूर्ण नाही.

तिसरा दिवस: होडी

हा दिवस खर्चाचा. गाइड आणि ड्रिफ्ट बोट, म्हणजे ओघाबरोबर वाहणारी वल्ह्यांची होडी, घेतली, धरण ते लिट्ल होल सात मैल. पैसे जातात, पण एक दिवस तरी असा जावा, कारण काठावरून न दिसणारी नदी होडीतून दिसते. गाइड पन्नाशीची बाई, जवळच्या व्हर्नल गावात वाढलेली. होडीच्या मध्यभागी बसून वल्ही मारताना ती कधी मागे बघत नसे. तोंड ओघाच्या दिशेला, होडीचा वेग सतत मागे ओढून धरलेला, म्हणजे आमचे गळ आणि होडी एकाच चालीने वाहतात. लाइफ जॅकेट अंगावर घालूनच बसायचं. मध्ये लहान-मोठे खळाळ आहेत, पाणी तोंडावर उडतं.

नऊ वाजता बर्फ पडायला लागला. मेमध्ये! मोठे सुटे पुंजके, वारा अजिबात नाही. लाल कडे दोन्ही बाजूंना, त्यांच्या खाचांत पांढरं भरत चाललेलं, आणि मधून हिरवं पाणी आवाज न करता जातंय. बाबांनी माकडटोपी चढवली. त्या टोपीचं गाइडला फार कौतुक वाटलं, कुठे मिळते म्हणून विचारत होती.

बाबांना गळ टाकायला शिकवायला तिला दहा मिनिटं लागली. फ्लाय फिशिंगची लांब फेक तिने शिकवलीच नाही. होडीच्या बाजूला दोन काठ्यांच्या अंतरावर निम्फ सोडायचा आणि बूच बघायचं. बूच बघणं बाबांना काय शिकवायचं! दुसऱ्याच वळणावर बूच जरासं अडखळलं. मला वाटलं दगड. बाबांनी काठी उचलली होती. सतरा इंची रेनबो, अंगावर गुलाबी पट्टा, दोनदा पाण्याबाहेर उडाला. बाबांचे हात थरथरत होते. जाळीत आल्यावर त्यांनी तो पाण्यातच धरून ठेवला, कल्ले हलताना बघितले आणि मला म्हणाले, "बर्फासारखा गार आहे रे."

दुपारी एका वाळूच्या पट्ट्यावर होडी लावली. आदल्या दिवशी पुऱ्या गेल्या होत्या, म्हणून रात्री बाबांनी नव्याने तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या होत्या. गाइडने लसणाच्या चटणीबरोबर पाच खाल्ल्या. पुऱ्या खाता खाता बाबांनी मला विचारायला लावलं, या नदीचे मूळचे मासे कुठले?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग सांगितलं. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा, रेनबो पॅसिफिकच्या बाजूचा. दोन्ही आणून सोडलेले. इथले खरे मासे वेगळे: कोलोरॅडो पाइकमिनो, हंपबॅक चब, बोनीटेल आणि रेझरबॅक सकर. पाइकमिनो पूर्वी माणसाएवढा व्हायचा. गढूळ, पुराच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या नदीतले हे मासे. धरणाचे दरवाजे बंद व्हायच्या आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, ग्रीन आणि तिच्या उपनद्यांत मिळून सुमारे ४४५ मैल रोटेनोन हे विष सोडलं, नव्या जलाशयात ट्राउट सोडायचे म्हणून आधीचे 'टाकाऊ' मासे मारून टाकायला. खाली ब्राउन्स पार्क नावाच्या खोऱ्याजवळ पोटॅशियम परमँगनेट टाकून विष मारायचं ठरलं होतं. ते पुरतं जमलं नाही आणि विष पुढे डायनासोर राष्ट्रीय स्मारक या संरक्षित प्रदेशाच्या हद्दीत गेलं. देशभर ओरड झाली. आज हे चारही मासे संरक्षित आहेत. यांपा नदी खाली येऊन मिळते, तिच्यावर मोठं धरण नाही, त्या बाजूला काही तग धरून आहेत. आता उन्हाळ्याच्या तोंडाला रेझरबॅकची पिल्लं वाहू लागली की ती वेळ साधून याच धरणातून जास्त पाणी सोडतात, म्हणजे पिल्लांना काठच्या उथळ पाण्यात शिरता येतं.

मी या नदीवर सात वर्षं येतोय. हे मला वाचून माहीत होतं, पण तोंडाने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. या नदीवर माझं प्रेम आहे आणि हे प्रेम ज्या स्वच्छ, थंड पाण्यावर आहे, त्याच पाण्याने इथले मूळचे मासे गेले. दोन्ही खरं आहे आणि पुढच्या वेळी कुणाला इथे आणलं तर दोन्ही सांगणार आहे.

बाबांनी बाकीची पुरी हातात धरली होती. "आम्हीपण वाशिष्ठीचं पाणी बदललं," एवढंच म्हणाले. "तेव्हा कुणी मासे मोजले नाहीत."

संध्याकाळी लिट्ल होलला उतरलो. सहा मासे, त्यातले चार बाबांचे. इथे फक्त कृत्रिम माश्या आणि ल्युअर, म्हणजे बनावट आमिषं, चालतात, गांडूळ नाही. पंधरा इंचांखालचे दोन ठेवता येतात, पंधरा ते बावीस इंचांमधले सोडावेच लागतात. नियम बदलू शकतो, त्या वर्षीचं पत्रक बघा. छोटा ब्राउन ठेवायला हरकत नाही, ते पुष्कळ आहेत, असं गाइडनेच सांगितलं, म्हणून एक तेरा इंची ठेवला. रात्री रवा, हळद, तिखट, मीठ लावून तळला. मांस फिकट नारिंगी, काटे बारीक, चव फारच सौम्य. बाबांनी मन लावून खाल्ला, काटे नीट बाजूला ठेवले. सुरमईची सर नाही, पण आदल्या दिवशीच्या त्यांच्या प्रश्नाचं हे निदान एक साधं उत्तर होतं.

आणखी एक काम रात्रीच करायचं: बूट घासून कोरडे करायचे. या नदीत न्यूझीलंड मड स्नेल नावाची मोहरीएवढी गोगलगाय आली आहे. बुटाच्या तळाला चिकटून ती दुसऱ्या नदीत जाते.

चौथा दिवस: ब्राउन्स पार्क

परतायच्या आधी बाबांना नदी खाली कशी होते ते बघायचं होतं. डच जॉनहून उत्तरेला जाऊन वळसा घालून जेसी युइंग कॅन्यनच्या रस्त्याने ब्राउन्स पार्कला उतरलो. उतार फार तीव्र आहे, गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवा. रात्री पाऊस झालेला असेल तर जाऊच नका. आम्हाला खाली उतरल्यावर पाऊस लागला आणि मग तीन तास थांबावं लागलं.

ते तीन तास जॉन जार्वीच्या जुन्या घरापाशी गेले. हा स्कॉटलंडहून आलेला माणूस. १८८० पासून इथे त्याचं दुकान, टपाल आणि नदी ओलांडायची होडी होती. बुच कॅसिडीसारखे दरोडेखोर त्याच्याकडे यायचे. १९०९ मध्ये त्याचा खून झाला. तिथे एक म्हातारे गृहस्थ घोड्यांच्या ट्रेलरसह पावसात अडकले होते. त्यांनी थर्मासमधली कॉफी दिली, बाबांनी शेवटच्या चार पुऱ्या दिल्या. दोघांना एकमेकांचं बोलणं फारसं कळत नव्हतं, तरी पाऊण तास पाण्याबद्दल बोलत होते, हातांनी उंची दाखवत.

पाऊस थांबला तेव्हा नदीकडे गेलो. वरच्या अंगाला रेड क्रीक नावाचा ओढा मिळतो, तो पावसाबरोबर लाल माती घेऊन आला होता. कालची काचेसारखी नदी विटकरी झाली होती. मासेमारीच्या दृष्टीने दिवस संपला. मी रॉड काढलाच नाही.

बाबा मात्र काठावर बसले आणि थर्मामीटर सोडला. पाणी हातावर घेऊन बघितलं, बोटांच्या मधून लाल धार गळाली. मग डायरी माझ्याकडे दिली. "ते चार मासे सांगितले ना बाईंनी, त्यांची नावं लिही. नीट लिही." गुडघ्यावर डायरी ठेवून मी लिहिली. त्यांच्या हातच्या ओळीखाली माझ्या अक्षरात आता असं आहे:

दु. ४.१०, ब्राउन्स पार्क, १०.५ अंश, गढूळ.
पाइकमिनो. हंपबॅक चब. बोनीटेल. रेझरबॅक सकर.